बाराशे चाळीस, असं मी लिहिलं

६ फेब्रुवारी

चालू झालं!

हाताला ॲसिडची खाज, पाठीचे तुकडे, पँटला तीन नवी भोकं. पण चालू झालं. बाळंतपणाच्या दवाखान्याच्या गच्चीवर बारा पॅनेल, जिन्याखालच्या खोलीत आठ बॅटऱ्या, आणि मधली वायर न् वायर मी ओढलेली. दुपारी तीनला नेहमीसारखी लाईट गेली. अख्खा रस्ता ठप्प — झेरॉक्सवाला, शिवणवाली, समोरचा वेल्डर, सगळे. दवाखान्यातला पंखा मात्र फिरतच राहिला. क्षणभर कुणाच्या लक्षातच आलं नाही. मग बाकावर बसलेली एक पोटुशी बाई वर बघून म्हणाली, "हा का बंद पडला नाही?" जणू पंख्यातच काहीतरी बिघाड झालाय.

उस्ताद हसले. त्यांच्या वर्कशॉपला लागून मला पाच महिने झाले, खालचे दात आज पहिल्यांदा दिसले. "कॉलेज, वायरिंग बरं केलंयस," म्हणाले. (कॉलेज म्हणजे मी. कॉलेज सोडलं म्हणून.)

एकच माणूस पंख्याकडे बघत नव्हतं. लसींचा फ्रिज सांभाळणारी सिस्टर. फ्रिजच्या दारावरच्या थर्मामीटरला डोळे लावून उभी. मी शेजारी जाऊन उभा राहिलो — अर्थातच कनेक्शन तपासायला.

"चार पॉइंट दोन," ती म्हणाली. मला नाही, वहीला. लिहून झाल्यावर माझ्याकडे बघितलं. "हे असंच राहील?"

"राहील," म्हणालो. तिनं विचारलं असतं तर गच्चीवरून उडी मारतो असंही म्हणालो असतो.

७ फेब्रुवारी

आज तिकडे काहीएक काम नव्हतं. गेलो.

१० फेब्रुवारी

बॅटरीचं रजिस्टर सुरू झालं. दर सोमवारी आणि गुरुवारी दुपारी, लाईट जायच्या आधी, बॅटऱ्या भरलेल्या असताना, मी झाकणं उघडायची, हायड्रोमीटरची नळी ॲसिडमध्ये बुडवायची, रबरी फुगा सोडून ॲसिड वर ओढायचं आणि आत तरंगणारी दांडी कुठल्या आकड्यावर थांबते ते वाचायचं. वर्कशॉपात या आकड्याला ग्रॅव्हिटी म्हणतात. बाराशे पन्नास म्हणजे बॅटरी ठणठणीत. भरलेली असूनही बाराशेच्या खाली गेली तर समजायचं, बाई आजारी आहेत. मी आकडा लिहायचा आणि खाली दवाखान्याच्या माणसानं सही करायची.

दवाखान्याचं माणूस कोण? ती! फ्रिज तिचा, म्हणून सही तिची. डॉक्टरीणबाईंनीच ठरवलं. त्यांचे पाय धरावेसे वाटले.

"बाराशे पन्नास," मी म्हणालो.

"चांगलं की वाईट?"

"एकदम फर्स्ट क्लास."

तिनं सही केली. बारकी, सरळ, एक फाटा न फुटलेली. घरी येऊन तसल्या सहीचा सराव केला. तिच्या नव्हे, माझ्या नावाचा. माझी वाळूत कोंबडी नाचल्यासारखी येते.

१३ फेब्रुवारी

तिनं विचारलं, कॉलेज का सोडलं. सगळे विचारतात, आणि मी सगळ्यांवर खेकसतो. तिच्यावर खेकसलो नाही.

सांगितलं. इलेक्ट्रिकलला होतो. चार सेमिस्टर. प्रयोगशाळेच्या तासाला लाईट नसायची, कधी म्हणजे कधीच नाही. सर म्हणायचे, गेल्या वर्षीच्या मुलांच्या जर्नलमधून रीडिंग उतरवून घ्या. आम्ही मोटार फिरताना न बघता मोटारीचा वेग लिहायचो. पाचव्या सेमिस्टरला माझं डोकं फिरलं. टेबलावर जर्नल आपटलं आणि सगळ्या वर्गासमोर म्हणालो, मी खोटे आकडे लिहिणार नाही. सर म्हणाले, मग बाहेर हो. झालो.

"परत बोलावलं नाही त्यांनी?"

"बोलावलं. मी गेलो नाही."

तिनं फ्रिजचं दार नीट लागलंय का ते दाबून बघितलं. मग म्हणाली, "मलाही खोटे आकडे चालत नाहीत. इथं एका आकड्यावर चाळीस पोरं असतात."

मी सायकलवरून घरी आलो की उडत आलो, आठवत नाही.

१४ फेब्रुवारी

जेवताना बाबा ताईला म्हणाले, "शास्त्रज्ञांना विचार, भाजी वाढू का." माझ्याशी थेट बोलणं बंद आहे, सप्टेंबरपासून. ताई म्हणाली, "शास्त्रज्ञ आज स्वतःशीच हसतायत, त्यांना भूक नाही."

भूक होती. तीन पोळ्या खाल्ल्या.

१८ फेब्रुवारी

आज कळलं की आमची जादू अर्धवट आहे.

लाईट तीनला जाते आणि आठला येते. पाच तास. आमच्या बॅटऱ्या चार तास पुरतात. मग इन्व्हर्टर आपोआप बंद होतो — कट-ऑफ. उस्तादांनी तो सत्तेचाळीस व्होल्टवर लावलाय (चार-चार बॅटऱ्यांच्या दोन माळा आहेत, हे एका माळेचे). त्या एका तासासाठी ती रोज सातला लसी फ्रिजमधून काढते, बर्फाच्या पिशव्या घातलेल्या निळ्या डब्यात भरते, आणि जनरेटर असलेल्या मोठ्या दवाखान्यापर्यंत चालत जाते. पाऊण मैल. सकाळी परत आणते. मी बारा दिवस तिथं लोळत होतो आणि मला हे माहीत नव्हतं, कारण मी सहाला निघायचो!

आज डबा मी उचलला. चांगला जड आहे. तिनं आधी दिला नाही, मग पट्ट्याचं एक टोक दिलं. दोघांनी मिळून नेला. रस्त्यात अंधार पडत होता, दुकानांत मेणबत्त्या.

"बारा पॅनेल लावली," ती म्हणाली, "आणि मी अजून डबाच वाहतेय. रागावू नका हं. पण अजून एक तास असता ना, तर मी सुटले असते."

अजून एक तास!

मला कोणी काही असं मागितलेलंच नाही आजवर.

२० फेब्रुवारी

उस्तादांना म्हणालो, कट-ऑफ खाली आणू या. बेचाळीसपर्यंत आणला तर पाच तास सहज निघतील.

उस्ताद टर्मिनल घासत होते. वर न बघता म्हणाले, "बॅटरी अर्ध्यावर आली की थांबायचं. खरवडून खाल्लं की तिचं पोट आतून दगड होतं. मग भरलीस तरी भरत नाही."

"पण उस्ताद, लसी—"

"मग भार कमी कर. त्या बाहेरच्या खोलीतले सहा पंखे कशाला हवेत यावर? डॉक्टरीणबाईंशी बोलतो मी."

"कधी?"

"बोलतो म्हटलं ना."

यांचं 'बोलतो' म्हणजे पुढचा महिना. तोवर ती डबा वाहणार. माझं डोकं असं सणकलं! तीस वर्षांपूर्वीच्या बॅटऱ्यांचे नियम आजच्या बॅटऱ्यांना लावत बसलेत.

२१ फेब्रुवारी

केलं.

सेटिंगला पासवर्ड आहे. तो मला माहीत आहे, मशीन बसवताना मीच टाकला होता. सत्तेचाळीस खोडून बेचाळीस. पाच सेकंदांचं काम. मग तीन वाजायची वाट.

सहा. सात. सात वाजून दहा — फ्रिज गुरगुरतोय! ती डबा घेऊन उभी होती. साडेसातला तिनं डबा खाली ठेवला. पावणेआठला त्यावर बसली. आठला लाईट आली.

"काय केलंत हो?"

"पॅनेल पुसली. आणि जरा वायरिंग."

हसली. मी तिच्या हसण्याचं वर्णन करणार नाही, मला येत नाही. एवढंच लिहितो की माझ्या हातातला पाना खाली पडला, पायावर, आणि दुखलं नाही.

२७ फेब्रुवारी

सात दिवस, सातही दिवस पाच तास! डॉक्टरीणबाईंनी खोलीत बोलावून खुर्ची दिली. मागे नवी इमारत होतेय, तीस खाटांची, तिचंही सोलर उस्तादांना आणि तिथलं काम बघायला "हा मुलगा" पाहिजे. हा मुलगा म्हणजे मी. उस्तादांनी ऐकलं. बाहेर आल्यावर विचारलं, "चाराचे पाच कसे झाले रे?"

"पॅनेल पुसली, उस्ताद. फार धूळ होती."

"हं."

ताईला सगळं सांगितलं, कट-ऑफ सोडून. ताई म्हणाली, "ती बाई तुला अहो म्हणते की अरे?" अहो म्हणते. "मग एवढा उडू नकोस."

उडणार.

६ मार्च

बाराशे चाळीस. दहानं उतरलीय. थंडी गेली म्हणून असेल. ऊन बदललं की ग्रॅव्हिटी थोडी हलते, पुस्तकात आहे.

आज तिनं तिच्या चहातला अर्धा बशीत ओतला. बशीतला तिनं घेतला, कप मला.

१७ मार्च

बाराशे पंचवीस.

नळी तीनदा बुडवली. बॅटरीच्या वेगवेगळ्या कप्प्यांत. एकात तर बाराशे पंधरा. ऊन, ऊन. ऊनच असेल.

लाईट आज पावणेआठला गेली — म्हणजे आमची. पंधरा मिनिटं फ्रिज बंद. ती म्हणाली, पंधरा मिनिटांत काही होत नाही, दार उघडायचं नाही फक्त. मी म्हणालो, आज ढग होते. ढग नव्हते.

रजिस्टरमध्ये बाराशे पंचवीसच लिहिलं. तिनं विचारलं, "कमी होतंय का?"

"थोडं इकडेतिकडे होतं."

२४ मार्च

बाराशे पाच.

पेन हातात घेऊन उभा होतो. ती बाहेर कुणाच्या तरी बाळाला टोचत होती, बाळ किंचाळत होतं, ती म्हणत होती, झालं झालं झालं, संपलं. आत आली. "किती?"

बाराशे चाळीस, असं मी लिहिलं. असं मी म्हणालो.

तिनं सही केली.

घरी येताना सायकल हातात धरून चालत आलो.

२५ मार्च

स्वतःला समजावून सांगतोय. सेटिंग परत सत्तेचाळीसवर नेलं तर आता चार तास नव्हे, तीनसुद्धा निघणार नाहीत. सगळे विचारतील. नाही नेलं तर बॅटऱ्या आणखी आजारी पडतील. म्हणजे दोन्हीकडून. तिसरा रस्ता एकच, उस्तादांना सांगणे. उद्या सांगतो.

२६ मार्च

उस्ताद नव्या इमारतीचा नकाशा जमिनीवर पसरून बसले होते. मला म्हणाले, "बस इथं, कॉलेज. हे तू ठरव, बॅटऱ्या कुठं ठेवायच्या." आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला नकाशावर बोट ठेवू दिलं. सांगितलं नाही.

३१ मार्च

अकराशे नव्वद. लिहिलं — बाराशे चाळीस. सही.

ज्या माणसानं वर्गात जर्नल आपटलं तो मीच का, असं कुणी विचारलं नाही. मीच विचारलं.

७ एप्रिल

परवापासून आकाश पिवळं. धुळीचा वारा. पॅनेलवर बोटानं नाव लिहिता येतं. दोन दिवस उन्हाचा पत्ता नाही. बॅटऱ्या कधी पूर्ण भरल्याच नाहीत. आज नळी बुडवलीच नाही. तरी लिहिलं.

९ एप्रिल

आज बुधवार, लस टोचण्याचा दिवस. फ्रिज गळ्यापर्यंत भरलेला.

सकाळी नऊला लाईट गेली. तीनला नाही, नऊला! वाऱ्यानं कुठंतरी मोठी तार तुटली, संध्याकाळपर्यंत काही खरं नाही असं वायरमन सांगून गेला. मी वर्कशॉपात होतो. दहाला दवाखान्यातून फोन. ती होती.

"पाऊण तासात बंद पडलं. पाऊण तासात! फ्रिज सहा पॉइंट एकवर आहे. बर्फाच्या पिशव्या वितळल्यात, काल नीट गोठल्याच नव्हत्या. मोठ्या दवाखान्याचा जनरेटर बंद आहे. तुम्ही येताय ना?"

उस्ताद गावाबाहेर गेलेले. वर्कशॉपात दुरुस्तीला आलेल्या दोन बॅटऱ्या होत्या, धडधाकट. एकेक तीस किलोच्या वर. हातगाडी काढली. एक छोटा इन्व्हर्टर, वायर, पाने. आणि ओढत सुटलो. धूळ नाकातोंडात, डोळ्यांत. चौकात चढाला एक फळवाला मागून ढकलायला लागला, का ढकलतोय हेही विचारलं नाही त्यानं.

पोचलो तेव्हा ती फ्रिजच्या दाराला पाठ लावून उभी. कोणी उघडू नये म्हणून. "सात पॉइंट तीन," म्हणाली. आठच्या वर गेलं की सगळं फेकायचं. बाहेर बाकांवर बायका, मांडीवर पोरं, कोणी लांबून पायी आलेल्या.

फ्रिजची पिन जुन्या लाईनीतून काढली. बॅटऱ्या जोडल्या. घाईत एक टोक उलटं धरलं होतं, शेवटच्या क्षणी बघितलं, नाहीतर तिथंच भडका. सात पॉइंट सहा. इन्व्हर्टरचा खटका दाबला. काहीच नाही. परत. टर्मिनल सैल होतं. आवळलं. सात पॉइंट आठ.

मग फ्रिज गुरगुरला.

आम्ही दोघं त्या थर्मामीटरसमोर वीस मिनिटं उभे होतो. सात पॉइंट आठ. सात पॉइंट आठ. सात पॉइंट सात.

तिनं माझा दंड पकडला होता. तिच्या लक्षातही नसावं.

डॉक्टरीणबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "या मुलानं आज वाचवलं." बायकांनी माझ्याकडे बघितलं. एकीनं पोराला सांगितलं, दादाला टाटा कर. पोरानं केला.

मी पण केला.

१० एप्रिल

ती म्हणाली, "काल तुम्ही नसता तर." वाक्य पूर्ण केलं नाही. मी तरी कुठे केलं.

आज गुरुवार. अकराशे पंचेचाळीस. लिहायचं पान समोर होतं. वर माझेच आकडे, एकाखाली एक — चाळीस, चाळीस, चाळीस, आणि प्रत्येकाखाली तिची ती सरळ सही. पान कोरं ठेवलं. तिला म्हणालो, नळी फुटलीय, नवी आणतो.

डॉक्टरीणबाईंनी उस्तादांना बोलावलंय. बॅटऱ्या दोन महिन्यांत का गेल्या याची चौकशी आहे. रजिस्टर घेऊन या म्हणाल्यात. आणि सिस्टरलाही.

११ एप्रिल

उस्तादांना सांगितलं. सगळं. पासवर्ड, बेचाळीस, खोटे आकडे. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते स्टुलावर बसले आणि हातातला ब्रश बराच वेळ उलटासुलटा करत राहिले.

"आठही बॅटऱ्या गेल्या?"

"आठही."

"मला चाराचे पाच झाले तेव्हाच कळायला पाहिजे होतं," म्हणाले. "मी विचारलं, तू धूळ म्हणालास. मला आवडलं ऐकायला."

मग उठून शर्ट घातला. "चल. मी बोलणार नाही. तू बोल."

आधी तिला सांगितलं. फ्रिजच्या खोलीत. मला वाटत होतं, तिच्यासाठी केलं हे ऐकून काहीतरी मऊ होईल. एवढा गाढव आहे मी.

"माझ्यासाठी?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मी एक तास मागितला होता. खोटा आकडा मागितला होता का मी? तुझ्या प्रत्येक आकड्याखाली माझी सही आहे. आज आत गेल्यावर त्या मला विचारणार आहेत, तुम्ही बघून सही केली की न बघता. काय सांगू? सांग ना. तू हुशार आहेस."

दोन महिने मी वाट बघत होतो तिनं मला 'तू' म्हणायची.

आत गेलो. डॉक्टरीणबाईंना म्हणालो, यात सिस्टरचा दोष नाही, मी खोटं सांगत होतो. त्या म्हणाल्या, तोंडी नको. कागद मागितला, तिथंच बसून लिहिलं. तारखा, खरे आकडे जेवढे आठवले तेवढे, बेचाळीस, पासवर्ड. नऊ तारखेलाही मी काही वाचवलं नाही, मीच पाडलेलं उचललं, असं शेवटी लिहिलं. खाली सही केली. वाळूतली कोंबडी.

त्यांनी वाचलं. घडी घालून खणात ठेवलं. "दवाखान्यात पाऊल टाकायचं नाही. नव्या इमारतीतही नाही."

ती बाजूला उभी होती. बघत होती खिडकीबाहेर.

१२ एप्रिल

बाबांनी विचारलं. मला! ताईला नाही.

"लेखी दिलंस?"

"हो."

"प्रत ठेवलीस?"

"नाही."

"ठेवायची असते," म्हणाले, आणि भाजी वाढली.

१५ एप्रिल

मला वाटलं होतं उस्ताद काढून टाकतील. म्हणाले, "काढून टाकलं तर तू दुसरीकडे जाऊन पासवर्ड शोधशील. इथंच बस. टर्मिनल घास."

घासतोय. चार दिवस. बोटांची कातडी गेली.

दुपारी उस्तादांच्या घरी पाठवलं त्यांनी, हातगाडी घेऊन, दवाखान्याला द्यायच्या बॅटऱ्या आणायला. जिन्यात त्यांच्या दोन बॅटऱ्या होत्या, घरच्या. गेल्या वर्षीच्या, उत्तम. "सोड आणि आण," म्हणाले होते. काकू दारात उभ्या. "दोन्ही नेतोस? मग आम्ही?" मी जमिनीत गेलो. काकू म्हणाल्या, "ने ने. त्यांनी सांगितलंय मला. मी आपली गॅलरीत बसेन, वारा असतो." आणि मला गाडीवर बॅटरी चढवायला हात लावला, साडीला ॲसिड लागेल म्हणालो तरी.

१६ एप्रिल

आता लिहितो. काल हे मुद्दामच लिहिलं नाही, खात्री नव्हती. डोक्यात काहीतरी आलंय आणि ते थांबत नाही!

उस्ताद फेब्रुवारीतच म्हणाले होते, भार कमी कर. मी बरोबर उलटं केलं. फ्रिज किती खातो? नऊ तारखेला दोन बॅटऱ्यांवर एकटा फ्रिज संध्याकाळपर्यंत चालला होता, आणि मी ते विसरूनच गेलो होतो! लाजेत. म्हणजे फ्रिजला पंख्यांच्या पंगतीत बसवायचंच नाही. त्याची स्वतःची दोन पॅनेल, स्वतःच्या दोन बॅटऱ्या, स्वतःचा कट-ऑफ सत्तेचाळीसच्या हिशेबानं, म्हणजे दोघींना साडेतेवीस. पंखे गेले तर गेले, माणसं घाम पुसतील.

कागदावर तीनदा आकडेमोड केली. दहा तास. अर्ध्याच्या खाली न जाता, दहा तास!

उस्तादांनी कागद घेतला. चष्मा लावला. माझ्या आकड्यांवर स्वतः पेन्सिल फिरवली, एकेक. अर्धा तास.

"नऊ धर," म्हणाले. "दार उघडतात लोक."

१९ एप्रिल

उस्ताद एकटेच गेले बसवायला. मी वर्कशॉपात. वायर मी कापून, टोकं सोलून, प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवून दिली होती, कुठली कुठे. तीन वाजल्यापासून दारात उभा. गिऱ्हाईक आलं तर त्याला म्हणालो, उद्या या.

साडेआठला उस्ताद आले. हातगाडी लावली. हात धुतले. मुद्दाम सावकाश धुतले, मला माहीत आहे.

"चार पॉइंट सहा," म्हणाले. "आठ वाजता. आणि बॅटरीत अजून निम्म्याच्या वर शिल्लक."

मी तिथल्या तिथं नाचलो. कोणी बघितलं तर बघू दे. उस्ताद म्हणाले, "पुरे, टेबल पाडशील." मी विचारलं नाही ती काय म्हणाली. त्यांनीही सांगितलं नाही.

डबा कपाटावर ठेवलाय म्हणे. रिकामा.

२४ एप्रिल

गुरुवार. दवाखान्यात नळी कोण बुडवतंय कोण जाणे.

२७ एप्रिल

ती वर्कशॉपात आली. रजिस्टर काखेत. माझ्याकडे बघितलं नाही. उस्तादांना म्हणाली, यापुढे आकडा ती स्वतः घेणार, दुसऱ्याच्या आकड्यावर सही करणार नाही, शिकवा. उस्तादांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, मला बारीक दिसत नाही, हा शिकवेल, आणि बाहेर जाऊन उभे राहिले. मी दुरुस्तीला आलेल्या एका बॅटरीत नळी बुडवली. बाराशे पस्तीस, म्हणालो. तिनं नळी माझ्या हातातून घेतली, डोळ्यांसमोर सरळ धरली, दांडी थांबेपर्यंत वाट बघितली.

"तीस," म्हणाली.

मी वाकून बघितलं. तीसच होतं. रजिस्टरच्या मागच्या पानावर, सरावाला, तेच लिहिलं.

जाताना विचारलं, "उद्या किती वाजता उघडतोस?"

नऊला उघडतो आम्ही. आठला, म्हणालो. मग उस्तादांकडून किल्ली मागून घेतली.